मालक गेले, आता क्लब कोणाचा?

डिसेंबर 2025 च्या अखेरीस, जगभर फुटबॉल क्लब चालवणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीमधला आपला 65 टक्के वाटा सोडला आणि क्लब पुन्हा रणबीर कपूर व बिमल पारेख या मूळ मालकांच्या हाती आला. नोव्हेंबर 2019 मध्ये हा समूह आला, तेव्हा मुंबई सिटी हा त्यांचा जगभरातला आठवा क्लब ठरला होता. मँचेस्टर सिटी, न्यूयॉर्क, मेलबर्न यांच्या रांगेत मुंबईचे नाव लागले, याचे अप्रूप सगळ्यांनाच होते. सहा वर्षांनी निरोपाचे पत्रक निघाले. त्यात व्यावसायिक फेरआढाव्याचे आणि इंडियन सुपर लीग या देशातल्या अव्वल फुटबॉल साखळीच्या भवितव्याबद्दलच्या अनिश्चिततेचे कारण दिले होते.

यावर पाठीराख्याने काय वाटून घ्यावे? कृतज्ञता वाटावी तर पोटात खड्डा पडतो. संताप करावा तर कपाटातले चार करंडक आठवतात. या दोन्ही भावना खऱ्या आहेत आणि त्यातली एक खोडून दुसरी ठेवायची गरज नाही. मात्र दोन्ही भावना मालकापाशीच येऊन थांबतात, आणि तिथेच आपली फसगत होते. मालक चांगला की वाईट यावर वाद घालण्यात मुंबई-पुण्याच्या फुटबॉलने वीस वर्षे घालवली. दरम्यान इथले क्लब एकामागून एक मिटत गेले.

आधी जमेची बाजू, कारण ती मनापासून मान्य केली पाहिजे. 2014 ते 2019 या काळात मुंबई सिटीत नावे मोठी आली: युंगबर्ग, अनेल्का, फोर्लान. संघ मात्र दर वर्षी नव्याने बांधला जायचा. 2020-21 मध्ये सर्जिओ लोबेरा आले आणि त्यांनी खेळाची एक पद्धत आणली. गोलरक्षक अमरिंदर सिंगपासून पासांनी चाल बांधायची. अहमद जाहूने खाली उतरून दोन मध्यरक्षकांजवळ चेंडू मागायचा आणि तिथून तिरका लांब पास टाकायचा. विंगवर खेळलेल्या गोव्याच्या मंदार राव देसाईने डावा बचावपटू म्हणून वर चढायचे. कॉर्नरला मुर्तदा फॉलचे डोके. त्या मोसमात साखळीतले पहिले स्थान मिळवून शील्ड आली. पाठोपाठ 13 मार्च 2021 ला गोव्यात फातोर्ड्याला करंडकाचा अंतिम सामना झाला आणि 90 व्या मिनिटाला बिपिन सिंगच्या गोलने एटीके मोहन बागान 2-1 असे हरले.

हा संघ बव्हंशी एफसी गोवाच्या घरातून आला होता, हे इथे सांगायलाच हवे. लोबेरा, जाहू, फॉल, मंदार, ह्यूगो बुमू हे सगळे आदल्या मोसमापर्यंत गोव्याचे होते आणि गोव्याला त्यांनी साखळीत अव्वल आणले होते. गोव्यातल्या पाठीराख्यांना तेव्हा जे वाटले, ते मुंबईकरांना पुढे 2024 मध्ये कळले. त्याकडे येतोच.

समूहाची खरी कमाई प्रशिक्षकांच्या साखळीत होती. लोबेरा गेल्यावर डेस बकिंगहॅम आले ते मेलबर्न सिटीतून, म्हणजे समूहाच्याच दुसऱ्या क्लबातून. नोव्हेंबर 2023 मध्ये मोसमाच्या मध्यावर ते इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले, आणि पीटर क्रात्की आले तेही मेलबर्नमधूनच. एरवी भारतीय क्लबाचा प्रशिक्षक मध्येच गेला की नव्या माणसाला संघ समजेपर्यंत मोसम संपलेला असतो. इथे सरावाची भाषा तीच राहिली, माणूस फक्त बदलला. म्हणूनच 2022-23 ची शील्ड आणि 4 मे 2024 ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला त्यांच्याच घरी 3-1 ने हरवून जिंकलेला करंडक हे दोन वेगवेगळ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली शक्य झाले. त्याआधी एप्रिल 2022 मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 ने हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत, सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मानही मुंबईने मिळवला. त्यातला विजयी हेडर मुंबईतच वाढलेल्या राहुल भेकेचा होता. हे सगळे कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

आता दुसरा रकाना.

2024 चा करंडक जिंकलेल्या संघाचे काय झाले ते पाहा. कर्णधार भेके, नोगुएरा आणि पेरेरा दियाझ बेंगळुरूला गेले. मधली फळी सांभाळणारा अपुइया मोहन बागानला गेला. पुढच्या मोसमात मुंबई साखळीत सहावी आली आणि मार्च 2025 मध्ये बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात त्याच बेंगळुरूकडून 0-5 अशी हरली. याला दैव म्हणायचे कारण नाही, यात करारांचे साधे गणित आहे. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडूला दुसऱ्या क्लबाशी उघडपणे बोलणी करता येतात आणि करार संपल्यावर तो फुकट जातो. म्हणून शहाणा क्लब अठरा महिने आधीच ठरवतो: मुदत वाढवायची की अजून किंमत येते आहे तोवर विकायचा. बारा महिने उरले की खेळाडूचा प्रतिनिधी वरचढ, आणि सहा महिने उरले की क्लबाच्या हातात काहीच नसते. बुमूसाठी गोव्याला पैसे मोजणाऱ्या क्लबाला हे माहीत नव्हते असे कोण म्हणेल? माहीत असूनही ते घडले. वय, पगार आणि परतावा यांचा ताळा मांडला की तिशी गाठलेल्या कर्णधाराला वाढवून देण्यात फायदा दिसत नाही. समूहाच्या दृष्टीने तो हिशेब बरोबरही असेल. पण समूहाला जे योग्य ते क्लबाला योग्य असतेच असे नाही, आणि ही दरी दाखवून देणारे संचालक मंडळात कोणीही नव्हते.

मैदानाचे दुखणे तर याहून जुने आहे. मुंबई सिटी आपले घरचे सामने अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात खेळते. ते महापालिकेचे आहे आणि बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठान ते चालवते. बसायची सोय आठ हजारांच्या आत. आशियाई स्पर्धेच्या निकषांत हे मैदान बसले नाही, म्हणून 2023 मध्ये चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने पुण्यात बालेवाडीला आणि अल हिलालचा सामना नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळावा लागला. वेस्ट ब्लॉक ब्लूज या पाठीराख्यांच्या गटाची पोरे ढोल घेऊन घाट चढून गेली. मुंबईने त्या गटातले सहाच्या सहा सामने गमावले. ताकदीतला फरक होताच, पण आपले म्हणावे असे मैदान नसलेल्या संघाला घरचा फायदा तरी कुठून मिळणार?

तिकिटांचा हिशेब करून पाहा. सात हजार प्रेक्षक, वर्षाला बारा घरचे सामने, सरासरी तिकीट तीनशे रुपये धरले आणि प्रत्येक सामना भरलेला मानला, तरी वर्षाला होतात 2 कोटी 52 लाख. एखाद्या चांगल्या परदेशी खेळाडूच्या पगारातच ते संपतात. त्यातून मैदानाचे भाडे, पोलीस बंदोबस्त, दिव्यांचे बिल जायचे असते ते वेगळेच. म्हणजे क्लब जगतो तो प्रायोजक, लीगचा वाटा आणि मालकाने दर वर्षी खिशातून भरलेली तूट यांवर. ज्याची तूट त्याचा हुकूम, हा व्यवहार उघड आहे. ज्या दिवशी त्याला तूट भरायची नसेल, त्या दिवशी क्लबाचे काय, याचे उत्तर मात्र सहा वर्षांत कोणी तयार ठेवले नाही.

तो दिवस आला तो लीगमुळे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर 2010 मध्ये व्यावसायिक हक्क पंधरा वर्षांसाठी दिले होते. ती मुदत 8 डिसेंबर 2025 ला संपणार, हे पंधरा वर्षे कॅलेंडरवर लिहिलेले होते. तरी जुलै 2025 मध्ये नव्या कराराअभावी मोसम थांबवावा लागला, आणि नोव्हेंबरमध्ये हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही. खेळाडू घरी बसले, काही क्लबांनी सराव थांबवला. अखेर फेब्रुवारी 2026 मध्ये सरकारच्या मध्यस्थीने चौदा क्लबांची एकेरी साखळी, म्हणजे 91 सामने, कशीबशी सुरू झाली. जगभर क्लब चालवणारा समूह अशा वेळी निघून गेला, याचे नवल नाही. महासंघाचा हा हलगर्जीपणा अक्षम्य आहे, आणि समूहाला शिव्या घालताना तो विसरता कामा नये.

पण पाठीराखा असा निघून जाऊ शकत नाही. त्याने दुसरा क्लब कुठून आणायचा?

या प्रश्नाचे उत्तर पुण्याला विचारावे. 2012-13 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या अव्वल राष्ट्रीय साखळीत, पुणे एफसी दुसऱ्या क्रमांकावर होता, तो आज नाही. भारत एफसी एका मोसमापुरता आला आणि गेला. डीएसके शिवाजियन्स दोन मोसम वरच्या श्रेणीत खेळून बंद पडला. एफसी पुणे सिटी 2014 ला सुपर लीगमध्ये आला. 2019 मध्ये मालक अडचणीत आले आणि लीगमधली ती जागा हैदराबादला गेली. हैदराबादने 2021-22 चा करंडक जिंकला, मग पगार थकले, पुन्हा मालक बदलले, आणि 2025 मध्ये तीच जागा दिल्लीला स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने पोहोचली. बालेवाडीत नारिंगी झेंडे घेऊन येणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते आणि हैदराबादच्या गचीबोवलीत पिवळे झेंडे घेणाऱ्यांनाही कोणी विचारले नाही. मुंबईत महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली होती. 2010 मध्ये कंपनीने संघ बंद केला. मुंबई एफसी 2007 ला सुरू झाला, 2017 ला खालच्या श्रेणीत घसरला आणि मिटला. ज्या शहरात रोव्हर्स कप 1891 पासून खेळला गेला, त्या शहराची ही कथा आहे. गोव्यातही 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. पण त्यांचे वाड्या-गावांशी आणि गोव्याच्या स्थानिक लीगशी असलेले नाते तुटले नाही, म्हणून ते जगले. धेंपो पुढे आय-लीगमध्ये परतलाही.

कोल्हापूरला मात्र क्लब मरत नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. यांतले बरेचसे पेठेतल्या तालमीतून निघाले. अध्यक्ष बदलतो, प्रायोजक बदलतो, पण तालीम तिथेच राहते आणि तालमीबरोबर संघही. शाहू स्टेडियमवर पेठांची लढत असली की शहराचे अर्धे लक्ष तिकडे असते. मी कोल्हापूरचे सोवळे चित्र रंगवत नाही. तिथे हुल्लडबाजी होते, सामने थांबवावे लागतात, आणि मुख्य म्हणजे पेठेतल्या गुणी पोराला त्यापुढे व्यावसायिक शिडी मिळत नाही. अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला, पण त्यासाठी त्याला आधी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत यावे लागले. कोल्हापूरकडे मालकी आहे पण शिडी नाही. मुंबई सिटीकडे शिडीची वरची पायरी आहे, खाली मालकीच नाही. महाराष्ट्रातल्या फुटबॉलची ही दोन अर्धी अंगे एकमेकांना जोडली जात नाहीत. मला सगळ्यांत जास्त खुपते ते हे.

जोडायची कशी? फिफाच्या नियमानुसार आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतले 5 टक्के, खेळाडू 12 ते 23 वर्षांचा असताना ज्या क्लबांनी त्याला घडवले त्यांना वाटून मिळतात: 12 ते 15 या वयाच्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का आणि 16 ते 23 या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. कल्पना उत्तम आहे. पण आपल्याकडे बहुतेक बदल्या देशातल्या देशात आणि करार संपल्यावर होतात, म्हणजे रक्कमच शून्य. शून्याचे पाच टक्के काढून तालमीला काय मिळणार? मुंबई सिटीच्या नव्या-जुन्या मालकांनी कोल्हापूर, पुणे आणि मुंबईच्या उपनगरांतल्या चार-पाच क्लबांशी थेट लेखी करार करावा. ठरावीक वार्षिक रक्कम, प्रशिक्षकांचा परवाना-अभ्यासक्रम, आणि खेळाडू पहिल्या संघात ठरावीक सामने खेळला की पुढची रक्कम. यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही आणि खर्च एका परदेशी बदली खेळाडूपेक्षा कमी येईल.

मालकीचा प्रश्न अधिक अवघड आहे, पण अशक्य नाही. जर्मनीत मतदानाचे 50 टक्क्यांहून जास्त हक्क क्लबाच्या सभासदांकडे असावे लागतात. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्गसारखे अपवाद तिथेही आहेत. भारतात हा नियम जसाच्या तसा आणता येणार नाही. तूट भरायला पैसा लागतो, आणि निम्म्याहून जास्त मते सोडून पैसा घालणारा उद्योगपती इथे मिळणार नाही. इंग्लंडने 2025 मध्ये कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला आहे. क्लबाचे बोधचिन्ह, रंग, मैदान अशा बाबतींत पाठीराख्यांना विचारल्याशिवाय मालकाला हात लावता येऊ नये, ही त्यातली दिशा आपल्या कामाची आहे. आपल्याच देशात मोहन बागानच्या पाठीराख्यांनी ते कायद्याशिवाय करून दाखवले. 2020 मध्ये एटीकेशी विलीनीकरण झाले, 80 टक्के वाटा एटीकेच्या मालकांकडे गेला आणि क्लबाच्या नावापुढे एटीके लागले. तीन वर्षे घोषणा, बहिष्कार, फलक चालू राहिले. 2023 मध्ये ती तीन अक्षरे गेली. पण त्या पाठीराख्यांमागे 1889 पासूनचा क्लब होता. मुंबई सिटीचा जन्म 2014 चा आहे, म्हणून इथे भावनेला कागदाचा आधार लागेल.

तो कागद असा असू शकतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 5 नुसार कंपनीच्या नियमावलीत काही तरतुदी अशा घट्ट करता येतात की त्या नेहमीच्या विशेष ठरावानेही बदलता येत नाहीत, त्यासाठी त्यात लिहिलेली जास्तीची अट पाळावीच लागते. खाजगी कंपनीत सगळ्या भागधारकांची संमती असली की अशी दुरुस्ती करता येते. आज भागधारक मोजकेच आहेत, म्हणून आजच ती सर्वांत सोपी आहे. उद्या नवा गुंतवणूकदार आला की तो नाही म्हणेल. त्या तरतुदीत चार गोष्टी याव्यात: क्लबाचे नाव, आकाशी रंग, बोधचिन्ह आणि मुंबई महानगर प्रदेशाबाहेर न जाणे. यांतले काहीही बदलायचे तर पाठीराख्यांच्या संस्थेची लेखी संमती लागेल.

ही संस्था उभी करायला महाराष्ट्राला परदेशातून काही शिकायची गरज नाही. सहकारी संस्था अधिनियम 1960 नुसार वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान दहा जणांना एकत्र येऊन संस्थेच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो, आणि तिथे शेअर कितीही असले तरी मत एकच. साखर कारखान्यांपासून गृहनिर्माण सोसायट्यांपर्यंत हे तत्त्व आपल्या अंगवळणी पडलेले आहे. त्याचे राजकारणही आपण पाहिले आहे. म्हणून पोटनियमांत पदाधिकाऱ्यांना दोनच मुदती आणि दर वर्षी बाहेरचा लेखापरीक्षक हे पहिल्या दिवशीच लिहून घ्यावे. तीन हजार सभासदांनी हजार रुपये भरले तर तीस लाख जमतात. त्यात क्लब विकत घेता येत नाही. क्लबाचा एक शेअर आणि संचालक मंडळात एक खुर्ची एवढे मागता येते, आणि सध्या तेवढेच पुरे. कंपनीचा शेअर घ्यायला सरकारी परवानगी लागेल. ती मिळायला वेळ लागला तर तोवर मालकांशी साधा लेखी करारनामा करून सुरुवात व्हावी.

मालकांना यात काय मिळेल, हा रास्त प्रश्न आहे. त्यांना मिळेल ती मैदानाबाबतची ताकद. अंधेरीच्या संकुलासाठी महापालिकेकडे दहा-पंधरा वर्षांचा करार मागायचा, गवत आणि दिव्यांवर खर्च करायचा, खेळाडूंच्या खोल्या आशियाई निकषांत बसवायच्या, तर ही मागणी एका चित्रपट-कलाकाराच्या कंपनीने करणे आणि तीन हजार मुंबईकर सभासद असलेल्या क्लबाने करणे यांत नगरसेवकाला फरक कळतो. वर्षा-वर्षाच्या परवानगीवर मैदान मिळत असेल तोवर त्यात कोणीही पैसा घालणार नाही, आणि पैसा घातल्याशिवाय ते आशियाई सामन्यांना चालणार नाही. हा गुंता एकट्या मालकाला सहा वर्षांत सुटला नाही.

सध्याच्या मालकांबद्दलही माझे मन दोन बाजूंना ओढले जाते. समूह गेला तेव्हा ते मागे राहिले, हे लहान नाही. पण 2014 ते 2019 या त्यांच्या पहिल्या पाच वर्षांत ना करंडक आला, ना मैदान, ना सभासद. तोच कारभार पुन्हा सुरू झाला तर दोन वर्षांत ही जागाही विक्रीला निघेल. त्यांनी पहिले काम म्हणून हिशेब जाहीर करावेत. परवान्यासाठी लेखापरीक्षित हिशेब महासंघाला द्यावेच लागतात, तेच संकेतस्थळावर टाकायला वेगळा खर्च नाही. आणि त्यांनी ते टाकले नाहीत तरी पाठीराख्यांनी हात जोडून बसू नये. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरले की कोणत्याही कंपनीने दाखल केलेला ताळेबंद कोणालाही पाहता येतो. वेस्ट ब्लॉकमधल्या कोणा हिशेबनीस पोराने तो उघडून तूट किती, देणी कोणाची आणि मैदानाच्या भाड्यावर किती गेले, एवढे तीन आकडे एका कागदावर लिहावेत आणि पुढच्या घरच्या सामन्याला अंधेरीच्या दारात वाटावेत.